उसवण्यासाठी एक टोपली

मी कुठल्याही दुकानात गेले की वस्तू आधी उलटी करते. वसईच्या शाळेत एकतीस वर्षं हस्तकला शिकवली, त्याची ही खोड. मुली पुढच्या बाजूने छान छान रुमाल दाखवायच्या आणि मी म्हणायची, "मागची बाजू दाखव." मागे गाठी, लोंबणारे दोरे, सगळा कारभार उघडा पडायचा. लग्नाच्या वेळी नवऱ्याची अशी तपासणी करायची राहून गेली, असं मी अधूनमधून म्हणते. त्यांच्यासमोरच म्हणते.

तर गेल्या जानेवारीत मी महिनाभर दुबईला लेकीकडे राहून आले. लोक तिकडून सोनं आणतात, अत्तर आणतात, किलो-किलो चॉकलेटं आणतात. मला आणायची होती एक टोपली. तीसुद्धा शोकेसमध्ये ठेवायला नव्हे, उसवायला.

याचं कारण आधी सांगते. आमच्या गावात शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या करणाऱ्या बायका आहेत. निवृत्त झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांच्यातल्या अकरा जणींचा बचत गट केला आणि डोक्यात घेतलं की केरसुण्या पुरे, आता पिशव्या करायच्या. पात्यांची लांबच लांब वेणी घालायची आणि ती पट्टी गोल फिरवत शिवत जायची. दिसायला पिशव्या अशा देखण्या झाल्या की मुंबईच्या एका दुकानाने साठ घेतल्या. महिन्याभरात साठच्या साठ परत आल्या. पाती शाबूत, वेणी शाबूत, पण पट्टीला पट्टी जोडणारी शिवण जागोजाग फाटलेली. दुकान चालवणारी बाई भली होती. ती म्हणाली, "मार्चपर्यंत पाच किलो वजन पेलेल अशी एक पिशवी दाखवा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." गटातल्या लुसीने तर पिशव्यांच्या भरवशावर केरसुण्यांची कायमची गिऱ्हाइकं सोडून दिली होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास माझी लेक अनिता हिने दुबईच्या एका प्रदर्शनातला फोटो पाठवला. खजुराच्या पात्यांची टोपली होती. मी बोटांनी फोटो मोठा करून करून पाहिला, शिवण काही दिसेना. शिंदी आणि खजूर म्हणजे सख्ख्या चुलत बहिणी. तिथल्या बायकांना जमतं ते आम्हाला का जमू नये? व्हिडिओही पाहिले. पण नेमकं शिवायची वेळ आली की कॅमेरा उंटाकडे वळतो आणि बासरी वाजायला लागते. मग ठरवलं, टोपली हातात घेऊन उसवल्याशिवाय काही खरं नाही.

अल बर्शा

अनिताचं घर अल बर्शात सहाव्या मजल्यावर आहे. खाली औषधांचं दुकान, लॉन्ड्री, केरळी हॉटेल. थोडं चाललं की मेट्रो. जावई विन्सेंट हॉटेलात नोकरीला, त्यामुळे तो घरी येतो तेव्हा आम्ही झोपलेलो आणि आम्ही उठतो तेव्हा तो. नात रिया नऊ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींचं उत्तम चालतं.

पहिल्याच संध्याकाळी मी माझी मोहीम जाहीर केली.

"मम्मी, तू टोपली विकत घेऊन कापणार?" अनिता म्हणाली. "त्यापेक्षा फोनवर बघ ना नीट."

"फोनवर उंट दिसतो."

"आजी, यू आर सो फनी," रिया म्हणाली. मी गंमत करत नव्हते.

बर दुबई

शुक्रवारी अर्धी सुट्टी असते म्हणून दुपारी आम्ही तिघी बर दुबईला गेलो. एका दिरहमात खाडी ओलांडणारी लाकडी होडी तिथे असते, तिला अब्रा म्हणतात. मधोमध फळी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून माणसं बसलेली आणि कठडा नावालाच. आम्ही नायगाव-भाईंदरच्या खाड्यांजवळ वाढलेली माणसं, मला पाण्याची भीती नाही. अनिता मात्र रियाची कॉलर धरून बसली होती. समुद्री पक्षी अगदी डोक्यावरून जात होते आणि शेजारचा पठाण त्यांना खारे शेंगदाणे भरवत होता. मलाही त्याने मूठभर दिले. ते पक्ष्यांसाठी की माझ्यासाठी, हे न कळल्याने मी निम्मे निम्मे केले.

बाजारात पश्मिना, दिवे, मसाल्यांचे डोंगर, चामड्याचे उंट. दुकानदारांची हाक आपल्यासाठी वेगळी असते. गोऱ्यांना 'माय फ्रेंड' आणि आपल्याला थेट 'आंटीजी'. एका दुकानात छताला टोपल्या टांगलेल्या दिसल्या आणि मी आत शिरले. दुकानदार कच्छचा, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर.

"पूरा लोकल है, आंटीजी. रेगिस्तान का बेदूइन लोग हाथ से बनाता है."

मी टोपली उलटी केली. बुडाशी पांढराशुभ्र दोरा होता.

"बेदूइन लोग नायलॉन कहाँ से लाता है?" मी विचारलं.

तो असा हसला की चष्मा कपाळावरून नाकावर आला. "बैठो, आंटीजी," म्हणत त्याने स्टूल पुढे केलं आणि समोरून चहा मागवला. वेलची घातलेला, दुधाचा, चमचा उभा राहील इतका घट्ट. त्याला इथे 'करक' म्हणतात. चहा पिता पिता मी त्याच्या सगळ्या टोपल्या खाली काढायला लावल्या आणि हाताच्या कुठल्या, मशीनच्या कुठल्या असे दोन ढीग केले. हाताचा ढीग अगदीच बारका होता, आणि त्यातल्याही टोपल्यांची शिवण आमच्यासारखीच, पट्टीवर पट्टी चढवून पातं टोचून घातलेली. म्हणजे आमच्यासारखीच फाटणारी. तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं आणि मलाच भाव विचारू लागलं. मी त्यांना मशीनचा ढीग टाळा असं खुणेने सांगितलं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. निघताना त्याने मला फ्रीजवर लावायचा एक उंट फुकट दिला आणि हात जोडले, "आंटीजी, फिर आना. लेकिन रोज़ मत आना."

अल क्वोज

अनिताच्या ऑफिसमधल्या कोणी तरी सांगितलं की खरी कारागिरी हवी तर अल क्वोजला जा. तिथे पोचलो तर जिकडे तिकडे गोदामं, गॅरेजं, पत्र्याच्या शेड, कामगारांना घेऊन जाणाऱ्या बसेसच्या रांगा. कारागिरी कुठे दिसेना. मग एका गोदामाचं दार उघडलं आणि आत थंडगार, पांढरंफटक दालन, मंद दिवे, आणि एका चौथऱ्यावर एकटीच एक पिशवी! खजुराच्या पात्यांची. आमच्या पिशवीची श्रीमंत बहीण.

"साडेतीनशे दिरहम," अनिता कुजबुजली. "म्हणजे मम्मी, आठ हजाराच्या वर."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण विकत घ्यायची नसली तरी बघायला काय हरकत आहे, म्हणून मी पिशवीत हात घातला. आत रेशमी अस्तर होतं. शिवण त्याच्या मागे. अस्तराची कड जरा बाजूला करावी म्हणून मी बोटाने ओढली, तर कड टर्र करत वीतभर सुटून हातात आली. अस्तर शिवलेलं नव्हतंच, चिकटवलेलं होतं. आणि त्याच्या मागे पट्ट्याही चिकटवलेल्या! आठ हजारांची पिशवी डिंकावर उभी होती.

"मम्मी, प्लीज!" अनिता दातओठ खात म्हणाली. "इथे असं नाही करत. सगळीकडे कॅमेरे आहेत."

तिथली विक्रेती मुलगी भलत्याच हळू आवाजात बोलणारी होती. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत एवढा हळू आवाज मी एकतीस वर्षांत ऐकला नाही. मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सॉरी म्हटलं आणि पुढे, राहवेना म्हणून, डिंकाऐवजी दोरा वापरायला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण! अनिताने भरपाई म्हणून उंटाच्या दुधाचा साबण विकत घेतला. तो आजही तिच्या बाथरूममध्ये तसाच आहे आणि मी दिसले की ती त्याच्याकडे बघते.

परतताना मेट्रोत मी बोटांवर दिवस मोजले. दहा दिवस गेले होते. खिडकीतून शेख झायेद रोडचे उंचच उंच टॉवर सरकत होते आणि मला लुसीची चूल दिसत होती. तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते, की बाई गं, जगातल्या सगळ्यात उंच इमारतीखालून गेले, पण एक शिवण सापडली नाही?

पुन्हा अल बर्शा

काखेत कळसा नि गावाला वळसा. मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या शरीफाभाभींनी बेल वाजवली. त्या रत्नागिरीच्या, अठ्ठावीस वर्षं इथे आहेत. त्यांचे यजमान इक्बालभाई गाड्यांचे सुटे भाग विकतात आणि दर मंगळवारी मालासाठी फुजैराला जातात. शरीफाभाभींच्या हातात खजूर होते आणि खजूर ज्यात होते ती टोपली पाहून मी त्यांना 'या, बसा' म्हणायचंसुद्धा विसरले.

"टीचर, हे उम्म सालेमनी पाठवले. त्यांच्या बागेतले," त्या म्हणाल्या. "तिकडे पहाडात एक बुजुर्ग बाई आहेत, आमच्यावर फार माया. मी म्हटलं, अनिताची मम्मी आलीय, तर थोडे इकडे पण."

मी खजूर ताटात ओतले आणि टोपली उलटी केली. शिवण नव्हतीच! म्हणजे असणारच, पण पट्टी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते नखाने चाचपूनही कळेना. सबंध टोपली एकाच झाडाला लागल्यासारखी. शिवणाच्या डब्यातली कात्री कुठे ठेवलीय हे मला तिथेच आठवलं.

"भाभी, ही टोपली मला द्याल? किंमत सांगा."

"अहो, माझी कुठेय! ही तर वापस जाणार. पुढच्या मंगळवारी हे घेऊन जातील."

झालं. आणि परत जायचीच, तर ती रिकामी कशी पाठवायची? दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये, हे माझ्या आईने मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. मी येताना वसईची सुकेळी आणली होती. पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवून करतात ती, मधासारखी गोड. ती टोपलीत रचली आणि चिठ्ठीऐवजी इक्बालभाईंना निरोप दिला, की आमच्या गावची आहेत, आणि ही टोपली विकत मिळेल का विचारा. मला वाटलं, व्यवहार मिटला.

पुढच्या मंगळवारी टोपली परत माझ्या दारात! यावेळी आत वाळवलेली काळी लिंबं आणि पहाडातल्या मधाची बाटली. निरोप होता: विकायची नाही, पण केळी फार आवडली.

"आता टोपली रिकामी कशी पाठवू?" मी म्हणाले.

शरीफाभाभी हसत सुटल्या. "टीचर, त्या पण तेच म्हणाल्या! रिकामं भांडं वापस करायला त्यांना पण शरम वाटते. आता तुम्ही दोघी कयामतपर्यंत हेच करत बसणार."

मी नारळाच्या वड्या केल्या. टोपली माझ्याकडे आठ दिवस असायची आणि ते आठ दिवस मी तिच्याभोवती मांजरासारखी फिरायची. रोज दुपारी घर रिकामं असताना कात्री घेऊन बसायची. एकदा तर कात्रीचं टोक बुडाशी लावलंही. एकच टाका, म्हटलं, कोणाला कळणार आहे? पण हात चालेना. विकत घेतलेली वस्तू उसवणं वेगळं आणि विश्वासाने घरात आलेली वस्तू उसवणं वेगळं. शेवटी मी वड्या भरल्या आणि टोपली पाठवली. आता माझ्याकडे सहाच दिवस उरले होते.

त्या मंगळवारी टोपली आलीच नाही. इक्बालभाई रिकाम्या हाताने आले.

"उम्म सालेम बोलल्या, बस झालं सामान पाठवणं," ते म्हणाले. "ज्या बाईला टोपली पाहिजे तिला घेऊन या. शनिवारी जाऊया आपण. यल्ला, चला टीचर, तयार राहा."

फुजैराकडे

इक्बालभाई, शरीफाभाभी आणि मी सकाळी निघालो. तासभर वाळवंट आणि मग अचानक डोंगर. त्यांच्यावर गवताची काडी नाही, नुसते तपकिरी, कोरडे, धारदार खडक. आमच्याकडे डोंगर म्हटला की हिरवा, इथे त्याचे कपडे उतरवून ठेवलेले. रस्त्याकडेला बाजार लागला. कुंड्या, गालिचे, भाजलेली कणसं. मी गाडीतून उतरले नाही. इतकी मी घाबरले होते. या बाईला जाऊन सांगायचं काय? तुझी टोपली मला फाडायला दे?

उम्म सालेमचं घर गावाच्या टोकाला, मागे खजुराची बाग आणि बागेतून पाटाचं पाणी खेळवलेलं. पाट पाहिला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाई सत्तरीच्या असाव्यात. चेहऱ्यावर नाक आणि भुवया झाकणारा बुर्का, लांबून तांब्या-पितळेचा वाटावा असा चकचकीत. जवळून पाहिलं तर तो घोटलेल्या कापडाचा होता. मी टक लावून बघतेय हे त्यांना कळलं असावं.

"त्या म्हणतात, हे कापड पूर्वी मुंबईहून यायचं," शरीफाभाभींनी सांगितलं. "तुमच्या घरचंच आहे, बघा खुशाल."

बायकांच्या बैठकीत गालिच्यावर बसलो. छोट्या कपातून वेलदोड्याची कडू कॉफी आली. मी संपवली, तर कप भरला. मी "नको, नको" म्हणाले, तर पुन्हा भरला. आमच्याकडे 'नको' म्हणजे 'अजून एकदा आग्रह करा', तसंच इथे असावं असं समजून मी पाच कप प्यायले. शेवटी शरीफाभाभी कुजबुजल्या, "टीचर, कप हलवा! हलवल्याशिवाय त्या थांबत नाहीत." मी कप असा हलवला, जणू घंटाच वाजवतेय. दोघीही हसल्या. जेवायला सुरमई घातलेला भात होता, त्यात तीच काळी लिंबं. वसईच्या माणसाला मासे-भात समोर आल्यावर परकं काय वाटणार? मी दोनदा घेतला.

जेवण झालं आणि उम्म सालेमनी टोपली आणून माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची," त्यांनी शरीफाभाभींकरवी सांगितलं. "घरी न्या. चांगल्या जागी ठेवा."

मी टोपली मांडीवर घेतली. घ्यावी, आभार मानावेत आणि घरी जाऊन गुपचूप उसवावी, असं करता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. पण मला ते गिळवेना.

"भाभी, त्यांना सांगा, मी ही चांगल्या जागी ठेवणार नाही. मला ही उसवायची आहे."

"काय?"

"उसवायची आहे. कापायची आहे."

"तौबा! मी नाही बोलणार हे. असं बोलतात का, टीचर? कोणी कपडा दिला तर आपण म्हणतो का, की फाडून बघते?"

"भाभी, सांगा."

"नाही."

मग मीच पर्समधून कात्री काढली, टोपलीच्या बुडाशी धरली आणि दुसऱ्या हाताने उसवल्याची खूण केली. उम्म सालेमच्या चेहऱ्यावरचं काहीच दिसत नव्हतं, फक्त डोळे, आणि ते माझ्यावर रोखलेले. शरीफाभाभींचा नाइलाज झाला. मी बोलत गेले आणि त्या सांगत गेल्या. अकरा बायका, साठ पिशव्या, फाटलेल्या शिवणी, लुसीच्या केरसुण्या. हे सगळं खूळ माझं होतं आणि भोगलं त्या बिचाऱ्यांनी, हेही सांगितलं. परक्या घरात, पाच कप कॉफी पिऊन, मी रडले.

उम्म सालेमनी हात पुढे करून माझ्याकडून कात्री घेतली. मला वाटलं, आता टोपलीही जाणार. त्यांनी कात्री उलटसुलट करून पाहिली, खेळणं आहे असं काहीतरी पुटपुटल्या आणि गालिच्यावर ठेवून दिली. मग आतून एक छोटा वाकडा सुरा आणला. टोपली माझ्या मांडीवरून उचलली, काठाशी सुरा घातला आणि एका झटक्यात दोरा तोडला. "अरे, अरे!" मी ओरडले. त्या थांबल्या नाहीत. दोरा ओढत गेल्या आणि टोपली माझ्या डोळ्यांदेखत काठापासून बुडापर्यंत सुटत गेली. शेवटी गालिच्यावर एकच लांब पट्टी उरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. टोपली नाहीशी झाली होती.

पट्टीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "यल्ला," म्हणाल्या.

मग कळलं. आम्ही पट्टीवर पट्टी चढवून सुई पात्यातून आरपार काढायचो. पातं वाळलं की तेच भोक पुढे चिरत जायचं. उम्म सालेमची सुई एकदाही पात्यात शिरली नाही. वेणी घालताना काठाला पात्याचे जे वळसे पडतात, ते दोन पट्ट्यांचे वळसे त्या एकमेकांत बसवायच्या, दातात दात बसावेत तसे, आणि ओल्या पात्याचा दोरा त्या वळशांच्या खालून सरकवायच्या. पातं कुठेच टोचायचं नाही. इतकंच! इतकी सोपी गोष्ट की आपल्याच डोक्यात मारून घ्यावं.

सोपी बघायला. माझी पहिली फेरी त्यांनी बोट घालून पाहिली आणि "ला, ला", म्हणजे नाही, नाही, करत उसवली. दुसरी अर्ध्यात उसवली. एकतीस वर्षं मुलींचं शिवण उसवत आलेय, माझं कोणी उसवलं नव्हतं. राग आला, खरंच आला. मी शरीफाभाभींना म्हणाले, "विचारा, यात काय वाईट आहे?"

"त्या म्हणतात, वाईट नाही, घाई आहे."

तिसऱ्यांदा मी जपून शिवलं. बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. शरीफाभाभी लोडाला टेकून पेंगत होत्या, आणि आम्ही दोघी एकमेकींची भाषा न येता बोलत होतो. मी मराठीत, त्या अरबीत. मध्येच भाभी जाग्या झाल्या तेव्हा उम्म सालेमनी त्यांना काही सांगितलं.

"त्या विचारतात, तुम्ही अकरा जणी बसून शिवता तेव्हा भांडता का?"

"रोज," मी म्हणाले.

हे ऐकून त्या इतक्या हसल्या की बुर्का सरळ करावा लागला. पूर्वी त्या पाच जणी या बागेत बसून शिवायच्या. आता चौघी राहिल्या नाहीत. शिवण येतं, पण शिवताना भांडायला कोणी नाही, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो दोन क्षण राहू दिला आणि मग माझ्या फेरीत बोट घालून ताणून पाहिलं. ताणून पुन्हा पाहिलं.

"खलास," त्या म्हणाल्या. जमलं!

टोपली अर्धीच झाली होती, पण इक्बालभाईंचा दोनदा हॉर्न वाजला. उरलेली पट्टी त्यांनी गुंडाळून माझ्या पिशवीत घातली आणि मी पुढचं घरी पूर्ण करणार असं तीनदा वदवून घेतलं. "इन्शाल्ला नाही," त्यांनी शरीफाभाभींना बजावलं, "तिला म्हणावं, नक्की म्हण." मी नक्की म्हणाले.

वसई

घरी आल्यावर आधी ती अर्धी टोपली पूर्ण केली, मग अकरा जणींना माझ्या पडवीत बोलावलं आणि जशी मला शिकवली तशीच शिवण शिकवली. पहिल्या फेऱ्या मी उसवल्या. शिव्या खाल्ल्या. कोणीतरी म्हणालं, टीचर दुबईला जाऊन जास्तच खडूस झाल्या. लुसीने तीनदा उसवून घेतलं आणि चौथ्यांदा अशी शिवली की मला बोट घालून काही सापडेना.

तिचीच पहिली पिशवी आम्ही पडवीतल्या खिळ्याला अडकवली आणि सोललेले दहा नारळ आत टाकले. पाच किलो भरलेच असते. ठरलं, आठ दिवस हात लावायचा नाही. पण कोणाला राहवतंय? दुसऱ्या दिवशी एकीने येता-जाता अकरावा नारळ टाकला. तिसऱ्या दिवशी बारावा कोणी टाकला ते कोणी कबूल करेना. नवरा रोज सकाळी चहाचा कप घेऊन पिशवीपासून चार हात दूर बसायला लागला. पाचव्या दिवशी सगळ्या जमलेल्या असताना लुसी अंगणातून एक दांडगा नारळ घेऊन आली, पिशवीकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि तो आत सोडला.

धाडकन आवाज झाला. पडवीभर नारळ पळाले. एक पायरीवरून उड्या मारत थेट रस्त्यावर गेला, दोन नवऱ्याच्या खुर्चीखाली. लुसीने डोळे मिटून घेतले होते. मी वाकून पिशवी उचलली. बंद शाबूत होता, वेणी शाबूत होती. शिवणीवरून बोट फिरवत एक फेरी घेतली, दुसरी घेतली, बुडापर्यंत गेले. एक टाका हललेला नव्हता. भिंतीतून खिळा उपटून आला होता, प्लास्टरच्या ढेकळासकट.

मी पिशवी लुसीच्या हातात दिली. तिने डोळे उघडले, शिवण पाहिली, भिंतीतलं भोक पाहिलं. दोघी-तिघी वाकून नारळ गोळा करायला लागल्या होत्या.

"नारळ राहू दे गं," लुसी म्हणाली. "टीचर, आधी त्या मुंबईच्या बाईला फोन लावा."